टिकाऊपणाची अट

इस्लापूरच्या आश्रमशाळेत मंजुश्री खुर्चीवर टेकली आणि... काडकन! खुर्चीचा पाय मोडला, बाई थेट फरशीवर. समोर दाराला बिजागरी बसवत असलेल्या तरुणानं हसू दाबत हात पुढं केला.

"सांभाळून, मॅडम. या खुर्च्या नुसत्या बघायच्या हायत."

"आमच्याच ऑफिसनं घेतल्यात," ती कपडे झटकत म्हणाली. नांदेडच्या खरेदी विभागात ती नोकरीला होती. वर्षभरात निम्म्या खुर्च्या मोडल्या कशा, तेच बघायला आली होती.

तो सुगत. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन किनवटात बांबूचं फर्निचर बनवत होता.

"स्वस्तात स्वस्त घ्यायचं, न् वर्षात उकिरड्यावर टाकायचं... असा कायदाच हाय का?"

"नाही. टिकाऊपणाची अट घालता येते. कुणी घालत नाही, एवढंच."

"मग तुम्ही घाला की!"

तो असा बघत राहिला, की तिनं उगाच ओढणी सावरली.

तिनं पुढच्या खरेदीच्या फाईलमध्ये अट घातली. माल पाच वर्षं टिकला पाहिजे, मोडला तर दुरुस्त करून द्यायचा, निकामी झाला की परत न्यायचा. फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. "कशाला डोक्याला ताप? स्वस्त घ्या न् मोकळ्या व्हा," साहेब म्हणायचे. समजावून समजावून मंजुश्री थकली.

सुगत कामानिमित्त नांदेडला आला, की संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर भेटायचा. फाईलबद्दल ती चकार शब्द काढत नसे, तोही विचारत नसे. "आज लई दमल्या दिसता," म्हणायचा, आणि शेंगा सोलून तिच्या तळहातावर दाणे ठेवायचा. बोटं जराशी रेंगाळायची...

शेवटी अट मंजूर झाली. त्या संध्याकाळी तिनं हात पुढं केलाच नाही.

"निविदा निघेल आता. तुम्ही भरणार. आपण... भेटायला नको."

"हाव," एवढंच म्हणून तो खालमानेनं निघून गेला.

निविदा उघडल्या. काम उदगीरच्या एका महिला गटाला मिळालं. खुर्च्या सागवानी, भक्कम. सुगतचं नाव कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून किनवटला गेली.

"निविदा का नाही भरली?"

"भरली असती तर लोक म्हणले असते, मॅडमनं आपल्या माणसासाठी अट घातली. मग पुन्हा कुणीच घातली नसती."

"आणि कारखाना?"

"निम्मी माणसं दुसरीकडं कामाला लावून दिली. अवघड जाऊन राहिलंय, खोटं कशाला बोलू. पण..." तो अडखळला. "काम दुसरं भेटंल. तुम्ही दुसऱ्या भेटणार न्हाईत."

मंजुश्री तिथंच बांबूच्या मोळीवर बसली. इतके महिने आवरून धरलेलं रडू आलं. रागानं की सुखानं, तिलाच कळेना.

"दमले मी, सुगत."

पहिल्यांदाच ती नुसतं नाव घेत होती. तो शेजारी येऊन बसला. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं, डोळे मिटले.

"रविवारी लातूरला चला. माझी आई असते तिथं. तिला सांगू."

"काय सांगायचं?" त्यानं हळूच विचारलं. स्वर खट्याळ होता.

"ते तुम्हीच सांगा. मी आता कुणालाच काही समजावणार नाही."