जावई डोंगराची प्रत

जावई डोंगर किती जीवघेणा आहे हे ठरवायला तिघं निघाली होती. आणि गिर्यारोहण कचेरीला ते ठरवायचा एकच मार्ग मान्य होता: माथ्यावर जाऊन यायचं!

कचेरीच्या जिन्यासमोर एक मोठा काळा फळा होता. त्यावर सगळ्या डोंगरांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली, आणि प्रत्येक नावापुढे खडूनं एक आकडा, एक ते पाच, म्हणजे त्या डोंगराच्या धोक्याची प्रत. एक म्हणजे सहल. पाच म्हणजे मरण. तिथं जायची परवानगी कचेरी सहसा देतच नसे. आता ही प्रत द्यायची कुणी? तर जो माथ्यावर पोचून आला त्यानं. अर्ध्यातून परतलेल्याचं म्हणणं कचेरी ऐकून घेई, त्याला चहा पाजी आणि विसरून जाई. "जो माथा पाहिलाच नाही त्याबद्दल काय बोलायचं?" असं अध्यक्ष म्हणत, आणि ते सगळ्यांना पटायचंही. त्यातली गोम कुणाच्या लक्षात येत नव्हती. वाईट डोंगरावरून शहाणी माणसं अर्ध्यातून परत येतात. वर पोचतात ते नशिबाचे धनी, आणि नशीबवानाला कुठलाही डोंगर सोपाच वाटतो!

जावयाच्या नावापुढे दोनचा आकडा होता. तिथं आजवर मेलं कुणीच नव्हतं. अर्ध्यातून परतलेले मात्र पुष्कळ होते, आणि ते सगळे एकच सांगत: सकाळी अगदी गोड, दुपारी रुसतो. जावई हे नाव त्याला त्यावरूनच पडलं होतं.

प्रत देणाऱ्यांत सगळ्यात जुन्या होत्या बाई. पन्नाशी उलटलेली, चण बारीक, बोलणं तुटक. कचेरीत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि फळ्यावरचे निम्मे आकडे त्यांनी दिलेले होते. उभ्या जन्मात त्या कुठल्याही माथ्याखालून मागे फिरल्या नव्हत्या. एकदा फिरायला हवं होतं. एका पाचव्या प्रतीच्या डोंगरावर त्यांचे यजमान तंबूत खोकत पडले होते. "तू जा, मी बरा आहे," म्हणाले. बाई गेल्या. माथा गाठून खाली आल्या तेव्हा तंबूतला माणूस गार पडला होता. माथ्याचा तो नियम त्यानंतर बाईंनीच कचेरीत मांडला आणि भांडून मंजूर करून घेतला. निदान तो माथा तरी फुकट जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असेल. घरात मात्र त्या दिवसाबद्दल कधी कुणी शब्द काढला नाही.

आणि आता त्या जावयावर निघाल्या होत्या त्या लेकीपायी. लेक गिर्यारोहणाच्या शाळेत शिकवायची. थंडी ओसरली की वर्गातली पोरं घेऊन ती जावयावर जाणार होती. बाईंनी तिला स्वयंपाकघरातच गाठलं होतं.

"त्या डोंगरावर नको जाऊस. लक्षण ठीक नाही त्याचं."

"आई, मी पायथ्याशी उभी दिसले की तुला टेकडीसुद्धा पाचवी वाटते." लेक जेवणाच्या टेबलावर दोराचं वेटोळं करत बसली होती. "फळ्यावर दोन आहे."

"फळा चुकतोय."

"मग माथ्यावरून येऊन सांग, ऐकेन. नियम तुझाच ना?"

बाईंनी माळ्यावरून आपली पाठपिशवी काढली.

बरोबर दोघंजण होते. एक भाऊजी, म्हणजे बाईंचे धाकटे दीर. दोराच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि जिभेला हाड तर अजिबात नव्हतं. दुसरे डॉक्टर, पण दातांचे. "इथं कुणाची दाढ दुखली तर सांगा हं, सोय आहे," हा भाऊजींचा विनोद पहिल्या चढापासून सुरू झाला आणि संपायचं नाव घेईना. डॉक्टर बिचारे गालातल्या गालात हसत आणि मुकाट चालत.

जंगल संपलं तिथे नदी आडवी आली. वरून बर्फाची साय, खाली काळं पाणी. बाई पुढे, डॉक्टर मध्ये, भाऊजी मागे, तिघांच्या कमरेला एकच दोर. मध्यावर डॉक्टरांचा पाय फसला आणि ते छातीपर्यंत आत गेले! दोर ताणला. भाऊजी आडवे पडून मागून ओढताहेत, बाई पुढून. डॉक्टर निघाले, पण स्टोव्हची पिशवी गेली ती गेलीच. त्या दिवसापासून गरम काही पोटात गेलं नाही. बर्फ बाटलीत भरायचा, बाटली अंगरख्याच्या आत धरायची आणि वितळेल तेवढं प्यायचं.

पुढे दगडांचं पसरलेलं रान लागलं, आणि त्याच्या वर वादळानं त्यांना तंबूत कोंडून घातलं. तंबूचं कापड रात्रंदिवस थपडा खात होतं. तिघं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि भाऊजींचे विनोदसुद्धा आटले होते. डॉक्टरांच्या बोटांची टोकं पांढरी पडली. "परत फिरायचं का?" असं कुणीच विचारलं नाही. प्रत द्यायला निघालेल्या तुकडीत तो प्रश्न कुणी विचारत नसे. परतलेल्या माणसाला घरी जाऊन सांगण्यासारखं काही उरतच नाही, तर विचारून उपयोग काय?

वादळ निवळलं आणि पहाटेच्या उजेडात जावई समोर उभा राहिला. काय त्याचं रूप! डाव्या अंगानं एक रुंद घळ थेट वरच्या खांद्यापर्यंत गेलेली, घट्ट बर्फानं भरलेली, जणू मुद्दाम बांधलेला जिना. खांद्यापासून माथ्यापर्यंत सोपी, गुळगुळीत सोंड.

"वहिनी, हा तर खरंच जावई निघाला," भाऊजी म्हणाले. "पायघड्या घातल्यात."

"पायघड्या आपण घालतो. जावई नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बुटांना काटे बांधले.

घळीत पाय पक्के बसत होते. तिघं भराभर चढली. अर्ध्यावर बाईंनी मान वर केली आणि त्या जागीच थांबल्या. घळीच्या ऐन वर, कड्याला धरून, बर्फाचा एक छज्जा लोंबत होता. दुमजली घराएवढा! खालून तो दिसतच नव्हता, कड्याच्या रंगात मिसळून जात होता. सावली होती तोवर तो गोठून कड्याला चिकटलेला होता. पण ऊन कड्याच्या टोकावर आलंच होतं आणि हळूहळू खाली सरकत होतं. दुपारचा रुसवा म्हणतात तो हा! लवकर माघारी फिरलेले त्यामुळेच वाचले होते. भल्या सकाळी घळीतून गेलेल्या आणि माथ्यावरून दुसऱ्या बाजूनं उतरलेल्या एका तुकडीनं मान वर न करता दोन लिहून टाकलं होतं. आणि लेक? वर्गाला घेऊन जाणारी लेक सावकाशच चढणार. पोरं दमणार, थांबणार, पाणी पिणार. भर उन्हात ती सगळी याच घळीत असणार.

"वर चला!" बाई ओरडल्या. "बोलू नका, वर चला!"

बाई खांद्यावर पोचल्या. डॉक्टर पोचले. भाऊजी घळीच्या वरच्या तोंडाशी होते, शेवटच्या दहा पावलांवर.

आधी आवाज आला. कोरडा, छोटा, फांदी मोडावी तसा. मग सगळा डोंगर हलला! बाईंनी हातातली चढाईची कुऱ्हाड बर्फात ठोकली आणि अंग तिच्यावर झोकून दिलं. दोर सणसणून ताठ झाला. कंबर तुटतेय की काय! डॉक्टर पालथे पडले, घसरले, थांबले. पांढऱ्या धुरळ्यात काही दिसेना. खाली घळ नुसती गर्जत होती.

धुरळा बसला तेव्हा भाऊजी दोराला लटकत होते. अर्धाच छज्जा कोसळला होता. त्याच्या एका ढेकळानं जाता जाता त्यांचा उजवा पाय चेचला होता. दोघांनी त्यांना वर ओढून घेतलं. डॉक्टरांनी बूट कापला, आत पाहिलं आणि घट्ट पट्टी बांधली. मग ते बाईंना बाजूला घेऊन गेले.

"रक्त थांबलंय, बाई. पण पाऊल काळं पडतंय. आत्ता निघालो तर उद्यापर्यंत खाली नेता येईल. उशीर केला तर पाऊल सोडा, माणूसच जाईल. आणि एकट्यानं मला ते जमणार नाही."

बाईंनी मागे वळून पाहिलं. माथा समोर होता. वारा पडलेला, सोंडेवर स्वच्छ ऊन. फार तर तासाभराची वाट! एवढा सोपा माथा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

भाऊजींना सगळं कळत होतं. त्यांचे ओठ निळे पडले होते, पण तोंड चालूच होतं. "जा वहिनी. मी कुठं पळून जातोय? पळायचं सामानच राहिलं नाही."

"गप्प बसा भाऊजी."

"नाही बसत. तुम्ही गेला नाहीत तर फळ्यावर दोनच राहणार. मग पोर इथं येणार, आणि तिच्यामागं तिच्या वर्गातली सगळी. तासाभराचा तर प्रश्न आहे." ते थांबले, त्यांनी श्वास घेतला. "तुम्ही जा. मी बरा आहे."

तंबूतले तेच शब्द! आवाजही तोच, त्याच घराण्यातला, असल्या वेळी मुद्दाम हलका केलेला. त्या दिवशी हा आवाज त्यांनी खरा मानला होता, कारण त्यांना तो खरा मानायचाच होता. एका बाजूला लेक होती, दुसऱ्या बाजूला हा माणूस. लेकीला अजून तोंडानं सांगता येईल. ती ऐकेल, न ऐकेल. या माणसाला मात्र नंतर काहीच सांगता येणार नाही.

त्यांनी माथ्याकडे पाठ केली. "डॉक्टर, मोठा दोर काढा."

घळीतून उतरणं म्हणजे मरण होतं. उरलेला अर्धा छज्जा वर लोंबतच होता. बाजूच्या खडकाच्या धारेवरून भाऊजींना दोरानं खाली सोडायचं ठरलं. खिळा ठोकायचा. दोर ओवायचा. माणूस सोडायचा. मग आपण उतरायचं, पुन्हा खिळा ठोकायचा. डॉक्टरांची बोटं वळेनात. ते गाठी दातांनी आवळायला लागले. "अखेर दात कामी आले," भाऊजी पुटपुटले, आणि त्यानंतर त्यांची शुद्ध हरपली. उन्हं कलता कलता उरलेला छज्जा कोसळला. घळ काठोकाठ भरून वाहिली आणि धारेवरची तिघं खडकाला बिलगून राहिली. त्यानंतर कुणी वर पाहिलं नाही. ती रात्र त्यांनी एका कपारीत काढली. नदी त्यांनी भाऊजींना पाठीवर घेऊन ओलांडली. जंगलाच्या तोंडाशी चौकीचा रखवालदार धावत आला, तेव्हा कुठे त्यांनी भाऊजींना खाली टेकवलं.

भाऊजी वाचले. उजवं पाऊल गेलं. डॉक्टरांची चार बोटं टोकाला कापावी लागली. रोग्यांचे दात उपटायची त्यांच्या हातांची ताकद आता कायमची गेली.

कचेरीत अध्यक्षांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी छज्जा सांगितला, ऊन सांगितलं, पाऊल सांगितलं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं.

"फार वाईट झालं. पण अपघात काय, जिन्यातही होतो. माथा झाला का?"

"नाही."

"मग बाई, तुम्हीच सांगा." त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. "नियम तुमचाच आहे."

बाईंनी चहा तसाच ठेवला. जिना उतरताना फळा समोर होता आणि त्यावर दोन ठळक होता. बाईंना स्वतःचा असा राग जन्मात आला नव्हता.

लेक शाळेच्या सामानखोलीत होती. पोरांच्या पिशव्या भिंतीशी ओळीनं भरून ठेवल्या होत्या, प्रत्येक पिशवीला बुटांच्या काट्यांची एक जोडी लटकलेली. ती इस्पितळातून आली होती. डोळे सुजलेले होते.

"माथा?" तिनं विचारलं.

"नाही झाला."

"किती राहिला होता?"

"तासभर. हवा मोकळी होती."

लेक बघतच राहिली. "हवा मोकळी होती, आणि तू फिरलीस?"

"काका म्हणाले, तुम्ही जा, मी बरा आहे." बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "तुझे बाबाही हेच म्हणाले होते. तंबूत. अगदी हेच. मला ऐकू येत होतं की ते बरे नाहीत. तरी मी गेले."

एवढ्या वर्षांत हे घरात पहिल्यांदा बोललं गेलं होतं. लेक हातातला दोर बाजूला ठेवून पुढे आली. मग पहिल्या पिशवीशी खाली बसली, बंद सोडले आणि काटे काढून परत फळीवर ठेवले. मग दुसरी पिशवी ओढली.

"माझी पोरं नाही जाणार," ती म्हणाली. "पण आई, फळा वाचून बाकीचे जातील, त्यांचं काय?"

"तुझे काका म्हणतात, कुबड्या मिळाल्या की ते फळ्याखाली खुर्ची टाकून बसणार. पाय समोर सोडून. ज्याला जावयावर जायचंय त्यानं आधी या पायाला भेटावं म्हणून."

लेकीला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, बधिर बोटांनी तिसऱ्या पिशवीचे बंद सोडायला लागल्या.

"एकटे कशाला," त्या म्हणाल्या. "मीही बसेन."