न धुतलेला लाल सदरा

एमेट रूनी पहिल्यांदा आला तो मागच्या दाराने. मे महिन्याच्या पावसात नखशिखांत भिजलेला, बगलेत लाल लोकरी सदरा, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू हा पाऊस त्यानेच पाडला होता.

"गिऱ्हाइकांनी पुढच्या दाराने यायचं," ओटिली इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली.

"मग मी कोण, ते तुम्हीच ठरवा ना."

"चिखल आणणारा माणूस!"

तो हसला, आणि तिची इस्त्री एका कॉलरवर जरा जास्तच रेंगाळली...

ओटिलीला मावशीखेरीज कुणी नव्हतं. मावशीची लाँड्री, वाफ, आणि खिडकीतून दिसणारं मैदानाचं लाकडी कुंपण, एवढंच तिचं जग. गावच्या बेसबॉल संघाचे गणवेश गठ्ठ्याने यायचे, पण गणवेशाच्या आत घालायचा तो लाल सदरा एमेट दर सोमवारी स्वतः आणायचा. तो संघाचा नवा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि महिनाभर सपाटून मार खात होता.

"परत हरलात?"

"काय करू? जिंकलो तर सदरा धुता येत नाही. नशीब धुऊन जातं म्हणे."

"म्हणजे माझ्यासाठी हरता?"

"अजून तरी... नाही." आणि त्याचे कान लाल झाले.

मग जूनमध्ये तो जिंकला. त्या सोमवारी तो आला नाही. दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हाही नाही. खेळाडूंचा नेमच तसा होता. जिंकलेल्या आठवड्यात जे केलं तेच पुन्हा करायचं, जे केलं नाही ते करायचं नाही. रस्त्यात दिसला की तो पलीकडूनच टोपी काढायचा आणि तसाच उभा राहायचा. रस्ता मात्र ओलांडायचा नाही. कुंपणाआडून जल्लोष ऐकू आला की ओटिली खिडकी लावून घ्यायची. गावात तिच्याएवढं दुःखी कुणी नसेल, आणि सांगणार कुणाला? गाव तर नाचत होतं.

नऊ विजय झाले. शिकागोच्या मोठ्या संघाचा माणूस त्याला पाहायला येणार, अशी बातमी आली. आदल्या दिवशी मागचं दार वाजलं.

"धू," सदरा पुढे करत एमेट म्हणाला. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

"वेड लागलंय का तुला? उद्या तो माणूस येतोय!"

"म्हणून तर. हरलो तर इथेच राहीन... तुला नको असेल तर तसं सांग."

तिला हवं होतं. तिने सदरा त्याच्या हातातून घेतला. तो गेल्यावर टबात पाणी काढलं, साबण घेतला, आणि सदरा हातात धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. शेवटी त्याचं तुटलेलं बटण तेवढं तिने निळ्या दोऱ्याने लावलं आणि सकाळी सदरा तसाच्या तसा मावशीहाती पाठवून दिला.

तो जिंकला. आठवड्याच्या आत शिकागोला गेलाही.

सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात आलं: रूनी हरला. ओटिलीने त्या सोमवारी मागचं दार उघडं ठेवलं. पुढच्याही सोमवारी ठेवलं. मग थंडी वाढली, आणि मावशीने काही न विचारता दार लोटून घेतलं.

ऑक्टोबरात सीझन संपला, त्यानंतरच्या सोमवारी ते दार वाजलं.

एमेट उंबऱ्यातच थांबला होता. बगलेत तोच सदरा. खोलीभर असा वास सुटला की मावशी नाक दाबून पुढच्या बाजूला निघून गेली.

"सप्टेंबरात हरलास ना? मग हा अजून असाच?" तिने विचारलं.

"शिकागोत लाँड्र्या खंडीभर आहेत गं. पण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीवच होईना." निळ्या दोऱ्यावर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "तू धुतला नाहीस, नुसतं बटण लावलंस, तेव्हाच कळलं मला तुझ्या मनातलं. आता धुशील?"

ओटिलीने सदरा घेतला, तोंडाशी धरला आणि रडता रडता हसली.

"आधी आत ये," ती म्हणाली. "आणि पाय पूस."