बिडाचा टब

“टब हाय का... आंघोळीचा?” त्यानं विचारलं आणि विनीताला हसूच फुटलं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. तिच्या वडिलांच्या, ईश्वरप्पांच्या नळ-फरशीच्या दुकानात साधा नळ घ्यायलाही कुणी फिरकत नव्हतं. आणि हा उंचपुरा गडी टब मागत होता!

“भरणार कशानं?”

“तेच तर कळंना झालंय...”

तो उदगीरचा मन्मथ. उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून त्याच्या वडिलांनी घरावर मजला चढवलेला. आता हैदराबादचं स्थळ सांगून आलं होतं. मुलीकडचे घर बघायला येणार होते, पण त्याच्या आईचा, शरणम्मांचा हट्ट — वरचं न्हाणीघर टबासकट नवं झालं, की मगच या.

म्हणजे लग्न ठरतंय तर! विनीताला वाईट वाटलं. घटकेपूर्वी याचं नावही ठाऊक नव्हतं, मग वाईट कशाचं? तिचं तिलाच कळेना.

“फायबरचा स्वस्त, पण पिवळा पडतो. अ‍ॅक्रेलिकचा हलका, पाणी बराच वेळ कोमट राहतं.”

“तुम्हाला कोणता आवडतो?”

“मला काय विचारता? तिला विचारा ना.”

“तिला मी अजून बघितलंच न्हाई...” असं म्हणून तो विनीताकडेच बघत राहिला. तिनं घाईघाईनं टबाऐवजी कमोडचं चित्र पुढं केलं.

तो पुन्हा आला. पुन्हा आला. दर वेळी तेच — फायबर की अ‍ॅक्रेलिक? आणि मध्येच, “तुम्ही उसाचा रस घेता का?” एवढ्या उन्हात उदगीरहून येऊन माणूस नुसताच चित्रातल्या टबाच्या कडेवरून बोट फिरवतो, याचा अर्थ काय लावायचा?

शेवटी ती म्हणाली, “बिडाचा घ्या, ओतीव लोखंडाचा. लई टिकतो.”

बिडाचा टब मागवायचा म्हणजे महिने जाणार. टब नाही तर न्हाणीघर नाही, न्हाणीघर नाही तर घर बघणं नाही.

“मागवा!” तो लगेच म्हणाला.

तो गेला आणि ती वजनाचा हिशेब करत बसली. एवढं जड बीड, त्यात पाणी, वर माणूस... वरच्या मजल्याला पेलणार कसं? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो पायरी चढतोय तोच ती म्हणाली, “बिडाचा नका घेऊ. स्लॅब खचेल तुमचा. मला माहीत होतं, तरी बोलले.”

“का?”

“उशीर व्हावा म्हणून...” तिचे कान तापले.

मन्मथ हसायला लागला. “गवंड्यानं मला आधीच सांगितलं होतं, वर जड टब चालणार न्हाई. तरी मी मागवा म्हणालो.”

“का?”

“मलाबी उशीरच पाहिजे होता!”

विनीताला हसावं की रडावं कळेना. “आणि ते हैदराबादवाले?”

“त्यांना येऊ नका म्हणून कळवलं काल. आई बोलंना झालीय माझ्याशी... पण तुमच्या अप्पांना आमचं घर बघायला कधी पाठवता?”

पलीकडे ईश्वरप्पा तोच तोच पाइप पुसत होते.

“आधी सांगा, बोअरला पाणी हाय का?” त्यांनी तिथूनच विचारलं.

मन्मथचा चेहरा उतरला. “न्हाई. टँकरच येतो.”

अशा घरी मुलगी देऊ नये, असं त्या वर्षी जो तो म्हणत होता. विनीताही मैत्रिणींना हेच सांगायची.

“मग टब राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “पाण्याची टाकी न्या, मोठी. घरात एक माणूस वाढणार हाय.”