आत्याबाईचं लुगडं

आमच्या लकडगंजातल्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मऊ कापडाच्या गुंडाळ्यांचं घरटं करतो. बाळाला त्यात कुशीवर निजवायचं, गुडघे पोटाशी, मुठी तोंडाजवळ. कीर्तनात बुवा गर्भातल्या जीवाचं वर्णन करतात, अगदी तसं. म्हणजे श्वास घ्यायला बाळाकडे बळ उरतं.

श्वेताच्या मुलीचं घरटं मीच केलं. तिची सासू, रुखमाबाई, कामठीहून जुनं लुगडं घेऊन आली होती.

"आमच्या आत्याबाईचं हाय, सिस्टर. नव्वदी पार केली तिनं. लेकराले तिचं आयुष्य लागू द्या."

बाळाचं पहिलं कापड दीर्घायुषी बाईच्या लुगड्याचं असावं, हे मीही मानते. घरचं कापड बाळाच्या काचेच्या पेटीत चालत नाही. तरी निर्जंतुक करून घेतलं आणि आज सकाळी आतली गुंडाळी त्याचीच केली.

दुपारी पाहते तर मुलगी उताणी. पाय सरळ, हात अंगालगत. तिरडीवर ठेवतात तशी. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा घसरलेला. गुंडाळ्या मात्र जागच्या जागी.

मी तिला पुन्हा कुशीवर घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"सिंधूताई, बाळाला कोण हात लावतंय?" मी आयाला दरडावलं.

"मी काहून लावू? कीर्तन ऐकून ऐकून तुमाले भास होऊन राहिले, बाई."

श्वेता तर वॉर्डात, टाक्यांनी जखडलेली. रुखमाबाई दाराबाहेर माळ ओढत बसलेली. तिच्याकडेही मी संशयानंच पाहिलं.

मग पेटीशेजारी स्टूल ओढून बसले.

मुलीचे गुडघे उलगडू लागले. हळूहळू. कुणी वरून तळव्यानं दाबत न्यावेत तसे.

आत कुणाचा हात नव्हता.

ओठ निळसर पडले. पांडुरंगाचं नाव घेत मी लुगड्याची गुंडाळी खेचून काढली.

मुलीनं आपणहून अंगाची मुटकुळी केली. मूठ तोंडाशी गेली. आकडा चढू लागला.

लुगडं परत द्यायला बाहेर आले. रुखमाबाई फोनवर मुलाशी बोलत होती.

"काय झालं गा गोविंदा, आत्याबाईले?" मग माझ्याकडे वळली. "सकाळपासून पाय पोटाशी घेऊन निजली होती म्हणे जी, मूठ तोंडात घालून. गोविंदाले वाटलं, थंडी वाजत असंल. आता एकदम रडून राहिली म्हणते."

फोनमधून ते रडणं मलाही ऐकू आलं. बारीक, कोवळं. असं रडणं मी रोज ऐकते.

"घरात आणखी कुणाचं बाळ आहे का, आजी?"

"नाही जी. घरी दोघंच हायत. गोविंदा अन् आत्याबाई."