वच्छलाबाईंनी घेतलेलं नाव

केजच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई नसली की मी लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. या कामात कंटाळ्याखेरीज काही नसतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, आणि तोवर परक्यांच्या लग्नात परके लोक जेवताना बघत बसावं लागतं. मी तसा चिडका माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ‘फुकट’ लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर तर त्याहून नाही.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. नांदूरघाटकडचे एक मेंढपाळ बाबा दुकानात आले. वय पंचावन्नच्या आसपास असेल, पण उन्हानं सत्तरीचे दिसत होते. खांद्यावर घोंगडी आणि हातात खताच्या पिशवीत तीन कॅसेट. सत्त्याण्णव साली कुणा पुढाऱ्यानं एकवीस जोडप्यांचं सामुदायिक लग्न लावलं होतं, त्यात बाबांचंही लागलं होतं. पुढाऱ्याच्या घरची अडगळ निघाली तेव्हा या कॅसेट त्यांनी मागून घेतल्या.

“वच्छलानं जन्मात एकदाच माजं नाव घेतलं, मालक,” बाबा म्हणाले. “त्या मांडवात, माइकवर. त्याच्याफुडं नुसतं ‘अवं’, न्हाईतर ‘स्वप्नालीचे आबा’. औंदा पोळ्याच्या टायमाला गेली ती. मला ते एकडाव ऐकायचं हाय. मेंढरं घेऊन निघायच्या आदी.”

“मग तेवढाच तुकडा मोबाइलवर घालून देतो की.”

“तुकडा न्हाई. पंगतीत माजा बाप बसलाय, माय हाय. सगळंच पायजे. आन् असं द्या की कुणाला पुसता येऊ न्हाई. पुतण्यानं गाणी भरायला जागा पायजे म्हणून तिचे समदे फोटू पुसून टाकले.”

एवढं बोलून ते घोंगडीचं टोक नीट करत राहिले. मला त्यांची फार दया आली. मी पावती लिहिली, नाव विचारलं, त्यांनी सांगितलं.

नऊ तासांचं चित्रण होतं. साध्या डीव्हीडीवर घालायचं तर चार-पाच डीव्हीडी लागल्या असत्या. ब्लू-रे डिस्क एकच पुरत होती, आणि त्यावर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. बाबांची मुलगी स्वप्नाली अंबाजोगाईला नर्स होती. तिच्या घरी ब्लू-रे चालवायचं मशीन होतं. जुनं चित्र जसं धूसर आहे तसंच ठेवलं तर सगळं मिळून वीस जीबीत बसणार होतं. अडचण एवढीच होती की बाजारातल्या बहुतेक सॉफ्टवेअरना जुन्या चित्राची लाज वाटते. ती उगीच ते मोठं करतात, मग माणसांची तोंडं मेणासारखी दिसतात आणि फाइल डिस्कमध्ये मावत नाही.

कॅसेट उतरवताना तो क्षण मी स्वतः पाहिला. दुसऱ्या कॅसेटमध्ये, सव्वा तासावर. मागे जनरेटरची घरघर, बायकांचा गलका, आणि माइक दोन्ही हातांनी धरलेली हिरव्या शालूतली नवरी. तिनं एका दमात म्हटलं:

‘बालाघाटाच्या उताराला मेंढरं चरतात दाट,
—रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.’

मधली जागा मी मुद्दाम रिकामी सोडलेली नाही. ते नाव मला लिहिता येत नाही. त्या दिवशी मात्र मी ते स्वच्छ ऐकलं होतं आणि पावतीवरच्या नावाशी ताडूनही पाहिलं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटातलं होतं. सुरुवातीलाच त्यानं डिस्कला नाव काय द्यायचं ते विचारलं. मी बाबांचं नाव टाकलं. डिस्क तयार झाली, चित्र अपेक्षेप्रमाणे मेणचट झालं होतं. उखाण्याची जागा काढून पाहिली. ‘दाट’ म्हणून झालं, ओठ हलले, पुढे ‘रावांचं नाव घेते’ आलं. मधलं नाव तेवढं नव्हतं.

सॉफ्टवेअर आवाज खातं, हे मला नवं नाही. पण खाल्ला तर सगळाच आवाज जातो. इथे जनरेटर चालू होता, मागे एक बाई खोकत होती, तो खोकलाही ऐकू येत होता. मी कॉम्प्युटरवरची मूळ फाइल लावली. तिथेही नाव नव्हतं. कॅसेट पुन्हा मशीनमध्ये घातली. तिच्यातूनही ते गेलं होतं.

मग म्हटलं, निदान दुसऱ्या डिस्कवर नाव तरी नीट टाकू, आणि ते मला आठवेना. पावतीपुस्तक उघडलं. माझ्या अक्षरात गाव होतं, फोन होता, ‘तीन कॅसेट’ होतं. नावाची ओळ कोरी होती. खालच्या कार्बनच्या प्रतीवरही ती कोरीच होती. पावतीवर दिलेला फोन स्वप्नालीचा होता, म्हणून तिलाच लावला.

“ताई, केजवरून बोलतोय, स्टुडिओतून. डिस्कवर वडिलांचं नाव काय टाकू?”

“टाका की…” ती म्हणाली आणि थांबली. “अगं बाई. तोंडावर हाय बघा. थांबा, माज्या कार्डावर असंल.” कागदांची सळसळ ऐकू आली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “सर, हितं स्वप्नाली हाय आन् एकदम आडनाव हाय. मधलं नाव न्हाईच. असं कावून?”

मी छपाईची चूक असेल असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

दुसरं सॉफ्टवेअर पंधरा दिवस फुकट वापरून बघता येणारं होतं. त्यात नावाची चौकट मी रिकामीच सोडली, त्यानं हरकत घेतली नाही. त्या डिस्कवर वच्छलाबाईंनी उखाणा सुरूच केला नाही. माइक धरून नुसत्या उभ्या. बायका ‘घे की गं, घे की’ म्हणत होत्या. मी घड्याळ लावून पाहिलं, त्या अकरा मिनिटं उभ्या होत्या. चित्रणाची एकूण लांबी मात्र सेकंदानंही वाढली नव्हती. आणि त्या बायकांकडे बघत नव्हत्या, कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

तिथेच थांबायला हवं होतं. पण बाबांना काय सांगणार होतो? तुमच्या बायकोनं एकदाच उच्चारलेलं नाव माझ्या दुकानात हरवलं, हे? मी रीतसर विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. ते जुन्या चित्राला हात लावत नव्हतं, जसंच्या तसं डिस्कवर उतरवत होतं. फक्त नाव टाकल्याशिवाय पुढे जात नव्हतं. रिकामी जागा चालेना, टिंब चालेना, आडवी रेघ चालेना. शेवटी वैतागून मी माझंच टाकलं: सोमनाथ. तेव्हा ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाबा आले. बाकावर टेकले, पण डिस्कचं विचारेनात.

“मालक, परवापास्नं एक लई वंगाळ झालंय,” ते म्हणाले. “मला माजं नाव आठवंना. जीपवाल्यानं इचारलं तर तोंडच उगडंना. घरच्यांना इचारावं तर त्ये बी माज्या तोंडाकडं बघत्यात.”

मी डिस्क लावली. ती मीही अजून पाहिली नव्हती.

हिरवा शालू दिसला. बाबांनी हात जोडले.

या वेळी वच्छलाबाई थांबल्या नाहीत.

‘बालाघाटाच्या उताराला मेंढरं चरतात दाट, सोमनाथरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.’

आवाज स्वच्छ होता. मागे तीच बाई खोकली.

“सोमनाथ,” बाबा हळूच म्हणाले. त्यांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. “हां. सोमनाथ. ह्येच की माजं नाव.” आणि ते रडायला लागले. मोठ्या माणसाला इतकं मोकळं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“बाबा, ते माझं—” मी म्हणालो.

“तुमचंच उपकार, मालक,” ते म्हणाले आणि माझे हात त्यांनी डोळ्यांना लावले.

त्यांनी सांगितलं तसं मी ते नाव पावतीच्या कोऱ्या ओळीवर लिहिलं. पेन नीट उमटलं. डिस्कवरही लिहिलं. ती छातीशी धरून ते पायऱ्या उतरले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

शेजारी गहिनीनाथचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षं आम्ही रोज बरोबर चहा पितो.

“सोमनाथ! ये की बे, चहा आलाय!” त्यानं हाक मारली.

मला ती ऐकू आली. कुणाला मारली ते बघायला मी रस्त्याकडे पाहिलं.

“ओ,” म्हणून बाबा पलीकडून वळले. परत आले.

गहिनीनाथ दोन कप घेऊन दारात आला होता. त्यानं एक बाबांच्या हातात दिला, त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो अदबीनं जरा मागे सरला.

“ह्ये कोण म्हणायचे, सोमनाथ?” त्यानं बाबांना विचारलं. “पावणे का?”

बाबा माझी ओळख करून द्यायला वळले, आणि तोंड उघडून तसेच थांबले.