सतराव्या खुणेवरचा आकडा

बार्तोलो मला पहिल्यांदा भेटला तो त्याच्याच अंगणात, मी गुडघ्यांवर बसलेली असताना. वुल्कानो बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी मातीतून किती वायू झिरपतो, ते मोजणं माझं काम. मातीवर भांडं उपडं घालायचं, कड घट्ट दाबायची आणि तोंड फिरवून दोन मिनिटं गप्प राहायचं... आपला श्वास आत शिरला की आकडा खोटा येतो. त्याचं अंगण म्हणजे माझी सतरावी खूण.

“डॉक्टरीणबाई, आमच्या डोंगराला ताप किती?” तो शेजारीच उकिडवा बसला. शर्टाला मिठाचा आणि लोणच्यासाठी खुडलेल्या केपरच्या कळ्यांचा वास.

“लांब सरका.”

“इतका वाईट दिसतो मी?”

“नाही ना... तीच तर पंचाईत!”

भांड्यावर वाकून आम्ही दोघं खोखो हसलो. आकडा भलताच मोठा आला. मी तसाच कळवला.

आत विषारी वायू साठला असेल म्हणून संध्याकाळी ऑफिसने त्याच्या आईच्या, सान्तिनामावशीच्या तळघराला टाळं लावलं. आत केपरच्या कळ्यांची पिंपं मिठात मुरत होती. रोज हलवली नाहीत, तर नासतात.

दुसऱ्या दिवशी आठवलं — कड दाबायलाच मी विसरले होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चार दिवस गप्प बसले. रोज सकाळी मावशी गरम पाव घेऊन यायची. “आगातीना, तू होतीस म्हणून वाचले गं पोरी!” मी मान खाली घालून तो पाव खायची.

पाचव्या दिवशी मी बार्तोलोला गाठलं.

“तो वायू डोंगराचा नव्हता... आपला दोघांचा होता. माझं लक्ष भांड्याकडे नव्हतं. तुझ्याकडे होतं.”

“आणि हे चार दिवस?”

“लाज वाटत होती.”

“आईचा पाव खाताना नाही वाटली?”

मला मान वर करवेना. त्याच्यासमोरच ऑफिसला फोन लावून चूक सांगितली. दुपारी साहेबांनी येऊन स्वतः मोजलं, टाळं निघालं. दोन पिंपं फेकावी लागली. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त उरलेलं पिंप पुढे सरकवलं. “बाह्या वर कर.” आठवडाभर मी रोज खाली मान घालून कळ्या हलवल्या. बार्तोलो बोलत नव्हता.

मग पुन्हा सतराव्या खुणेची पाळी आली. कड दाबली. दोनदा तपासली. तो लांब, कुंपणाशी उभा होता.

“किती?”

“नेहमीचाच.”

“लिहिलास?”

“लिहिला.”

“मग... आता येऊ जवळ?”

मी आधी भांडं उचललं. मग, किती दिवसांनी कोण जाणे, मान वर केली.

“ये.”