बाबांना सांगायचं राहिलं

"आज तू उभी राहून काही बोलायचं नाहीस. त्याची आठवण सांगायचा हक्क माझा आहे," आरशासमोर केसांत पिन खोचत सासूबाई म्हणाल्या, "तापानं फणफणलेल्या नवऱ्याला घराबाहेर धाडणारीनं कसली आठवण सांगायची?"

इस्त्रीवरचा सुनेचा हात थबकला. दर वर्षी चर्चमध्ये दिवंगतांच्या स्मरणाची उपासना व्हायची, दर वर्षी सासूबाई सगळ्यांसमोर हेच सांगायच्या, आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून वर त्यांचंच दुखणंखुपणं काढणारी ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. पण आज काळजात साठलेलं सगळं उकळून वर आलं.

"आई, आज मीही बोलणार आहे. त्या संध्याकाळी जे झालं ते, जसं झालं तसं."

सासूबाईंच्या हातातली पिन खाली पडली.

काय झालं होतं, ते जगात या दोघींनाच ठाऊक होतं. तेव्हा ती नवऱ्यासोबत वेगळी राहत होती. तो तापात पडून असताना सासूबाईंचा फोन आला... आठवडाभर तोंड दाखवलं नाहीस, बायको मिळाली आणि आई नकोशी झाली, येत असशील तर आत्ता ये. तिनं हातापाया पडून अडवलं, पण "आईचा राग तुला माहीत नाही गं," असं म्हणत त्यानं मोटरसायकल काढली, आणि धुक्यात समोरचा ट्रक त्याला दिसलाच नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कामावरून थेट धावत आलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "अशा तापात त्याला बाहेर कुणी पाठवलं?" सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ थरथरू लागले. या बाईचा मुलगा तर गेलाच, आता ही नवऱ्याच्याही मनातून उतरली तर जगायची नाही, असं सुनेला वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "मी, बाबा. औषध आणायला."

बुडत्यानं काडी धरावी तसं सासूबाईंनी ते खोटं धरलं आणि पुढे सोडलंच नाही. म्हातारी दोघं एकटी पडली म्हणून ती त्यांच्या घरी राहायला आली. सासऱ्यांनी मात्र मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या. वधस्तंभावर खिळे ठोकणाऱ्यांसाठीही प्रभूनं क्षमा मागितली, असं पाळकसाहेब सांगत होते, आणि ती मनातल्या मनात देवाशी भांडत होती. तू प्रभू आहेस, मी चष्म्याच्या काचा घासणारी बाई आहे... रोज सकाळी मी आईंना क्षमा करते आणि दुपारपर्यंत कपबशा आदळायला लागते. दर वेळी मीच का सोसायचं?

मग नवऱ्याचं नाव वाचलं गेलं, त्यापाठोपाठ सासऱ्यांचं, आणि ती उठून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला त्या दिवशी..."

तिनं खाली पाहिलं. सासूबाईंचे ओठ तसेच थरथरत होते, अगदी त्या व्हरांड्यातल्यासारखे, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. आता पुन्हा सगळं गिळून खाली बसायचं, या विचारानं तिला स्वतःचाच संताप आला. इतक्यात एका सुरकुतलेल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बस, पोरी. मी सांगते." सासूबाई बाक धरून उभ्या राहिल्या. "त्याला फोन मी केला होता. रागानं बोलावून घेतलं होतं. हिनं माझा दोष आपल्या अंगावर घेतला, आणि मी देवाच्या घरात उभी राहून वर्षानुवर्षं हिलाच दगड मारत आले."



उपासना संपल्यावर सासूबाई मागच्या दफनभूमीकडे निघाल्या. तीही मागोमाग गेली.

"मला क्षमा कर," त्या म्हणाल्या.

"लगेच जमेल असं वाटत नाही, आई," ती म्हणाली. तिचा आवाज अजून कडवट होता. "तुमचं बोलणं मी सोसलं. पण बाबा माझ्याकडे पाठ फिरवून गेले... ते मला कोण परत देणार?"

मुलाच्या कबरीवर हात टेकवून सासूबाई तशाच पुढे सरकल्या, नवऱ्याच्या कबरीपाशी कशाबशा गुडघ्यांवर बसल्या, आणि दगडाशी तोंड नेऊन पुटपुटल्या, "अहो... ऐकलंत का? ती नव्हती हो. मी होते. पोरीचा काही दोष नव्हता."

आणि तिच्या डोळ्यांतून इतक्या वर्षांचं पाणी घळाघळा वाहू लागलं. मग ती सासूबाईंच्या शेजारी मातीत बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जरा मोठ्यानं सांगा, आई," ती म्हणाली. "बाबांना कमी ऐकू यायचं."